‘व्हय जी’ आपण शिकवलं नव्हतं

नमस्कार मंडळी. विषय हलकाफुलका घ्या, असं कार्यकारिणीने बजावलं होतं, म्हणून मालिका घेतल्या. इथे मालिका कुणीच बघत नाही याची मला पूर्ण कल्पना आहे. सासूबाई लावतात आणि आपण फक्त पाणी प्यायला येऊन अर्धा तास उभे राहतो.

तर, गणपतीच्या बालनाट्याच्या तालमी सुरू आहेत. मोलकरणीचं काम नऊ वर्षांच्या एका मुलीकडे आलंय. संहितेत तिचं पहिलं वाक्य अगदी साधं आहे: ‘बाई, चहा ठेवू का?’ तिने ओढणी खोचली, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, ‘बाईसाब, च्या ठिऊ का जी?’ असं का बोललीस, म्हणून विचारलं, तर म्हणते, ‘मी गरीब आहे ना?’

सगळे हसले. पोरगी जन्मली इथे परदेशात, वाढली इथे, आपल्या मराठी शाळेत येते. शाळेत ‘व्हय जी’ कुणी शिकवलं नव्हतं. मग मुलांच्या कानावर मराठी पडावं म्हणून संध्याकाळी जे लावून ठेवतो, तेच तिचं पाठ्यपुस्तक झालं म्हणायचं. आणि त्या पुस्तकातला पहिला धडा तिने चोख पाठ केलाय: गरीब माणूस वेगळं बोलतो.

आता हे वेगळं बोलणं कुठलं, ते बघा. कोल्हापूरकडची बाई ‘मी येतो’ म्हणते. वऱ्हाडात ‘मले’, ‘काऊन’, ‘जाऊन राहिली’. मालवणीत ‘माका’, ‘खय’. प्रत्येक बोलीचं आपलं व्याकरण आहे, आपला हेल आहे. मालिकेतली मोलकरीण यातलं काहीच बोलत नाही. चार गावांचं पाणी एकाच घागरीत ओतल्यासारखी तिची भाषा असते, आणि ती जगात कुठेही बोलली जात नाही. याचं कारण अगदी व्यवहारी आहे. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. रोजच्या मालिकेत संवादाची पानं अनेकदा चित्रीकरणाच्या दिवशीच हातात पडतात. ज्या नटीला चारच वाक्यं आहेत, तिच्यासाठी बोलीचा जाणकार कोण आणून बसवणार? ‘जरा गावरान लाव’ एवढी सूचना मिळते आणि ती बिचारी लावते.

बरं, नायिका बोली बोलली तर? ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली राधिका नागपूरची होती. तिला नायिका केलं, पुढे उद्योजिका केलं, हे कबूल करायलाच हवं. पण सुरुवातीला तिचं नागपुरी बोलणं हीच तिच्या साधेपणाची खूण होती आणि नवऱ्याची प्रेयसी शनाया हिचं बोलणं ही शहरीपणाची. नागपूर ही राज्याची उपराजधानी आहे, तिथे उच्च न्यायालयाचं खंडपीठ बसतं. पडद्यावर मात्र ते गावच.

घराचंही तसंच. श्रीमंतांचा दिवाणखाना आणि त्यातला जिना सगळ्यांना तोंडपाठ आहे. तो जिना कुठे जातो हे विचारायचं नाही. साधारण 22 मिनिटांचा भाग, दिवसाकाठी एक उरकायचा, दोन-तीन कॅमेरे, एका चौकटीत आठ-दहा माणसं. त्यासाठी एक भिंत नसलेला लांबरुंद हॉल लागतो. वर दिवे टांगायचे, खाली कॅमेऱ्याची ट्रॉली फिरवायची. मुंबईच्या बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. तिच्यात हे सगळं मावत नाही. म्हणून पडद्यावरच्या गरिबाचं घरही ऐसपैस असतं. भिंतीचा रंग उडवायचा, कोपऱ्यात ट्रंक ठेवायची, दोरीवर कपडे टाकायचे, की झालं गरीब. जागेची चणचण म्हणजे काय, म्हणजे एकाने अभ्यास करायचा तर दुसऱ्याने कुठे झोपायचं, हे काही दिसत नाही. 1984 साली दूरदर्शनवर ‘हम लोग’ ही मालिका आली, त्यातलं अख्खं घर निम्न मध्यमवर्गीय होतं आणि देश ते बघत होता. शेवटी अशोककुमार येऊन बोलायचे, आठवतं ना? तेव्हा जिन्यावाचून कुणाचं अडलं नव्हतं.

मग जिना आला कुठून? थोडं पैशाकडे बघू. कोण काय बघतं हे मोजायला हजारो घरांमध्ये मीटर बसवलेले असतात. त्या घरांची प्रतवारी असते, ए-1 पासून ई-3 पर्यंत, एकूण 12 पायऱ्या. पायरी ठरते दोन गोष्टींवर: घरातल्या मुख्य कमावत्या माणसाचं शिक्षण, आणि 11 वस्तूंपैकी घरात किती आहेत. वीजजोडणी, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, संगणक, मोटार, एसी आणि शेतजमीन. कामाचा, कामाच्या तासांचा, कर्जाचा त्यात कुठे उल्लेख नाही. वर्ग म्हणजे घरातल्या वस्तू, असा हा हिशेब. जाहिरातदार याच भाषेत विचार करतो आणि वाहिनीला जाहिरातदाराशी बोलायचं असतं. मग मालिकेतही वर्ग वस्तूंनीच दिसतो: झुंबर आणि ट्रंक. अधलंमधलं घर, जिथे फ्रिज आहे पण त्याचा हप्ता थकलाय, ते फारसं कुणाला नको असतं. त्याला ‘ॲस्पिरेशनल’, म्हणजे आपलंही असं असावं असं वाटायला लावणारं, म्हणता येत नाही.

यातली मेख अशी की मीटर खालच्या पायऱ्यांवरच्या घरांतही असतात. म्हणजे जी बाई दिवसभर चार घरची धुणीभांडी करून येते, तीही रात्री हेच बघते.

रंगाबद्दल लांबण लावत नाही. ‘रंग माझा वेगळा’ ही मालिका सावळ्या मुलीच्या बाजूने उभी होती, हेतू चांगलाच होता. पण त्या भूमिकेसाठी नटीचा चेहरा मेकअपने सावळा केला होता. सावळ्या नटीला मेकअप लागला नसता, एवढंच म्हणतो.

आणि मोलकरणीच्या आयुष्यात जे खरोखर घडलं, ते कुठे आहे? 1980 साली पुण्यात मोलकरणींनी संप केला होता. पुण्यात! बायकांनी रस्त्यावर येऊन पगार आणि सुट्टी मागितली. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 साली झाला. यात नाट्य नाही असं कोण म्हणेल? पण पडद्यावरची मोलकरीण नोंदणी करत नाही, पगार वाढवून मागत नाही. ती एक तर चुगली करते, नाहीतर मालकिणीसाठी जीव देते.

विश्वास बसत नसेल तर आज रात्री एक भाग कागद-पेन घेऊन बघा. चार रकाने आखा. पहिला, मोलकरणीला आडनाव आहे का. दुसरा, खोलीत मालक मंडळी नसताना तिला किती वाक्यं आहेत. तिसरा, ती कुठे बसते: खुर्चीवर, जमिनीवर, की बसतच नाही. चौथा जरा बारकाईचा आहे. घरात बातमी फुटली की कॅमेरा एकेका चेहऱ्यावर जातो, तीनतीनदा जातो. त्या रांगेत तिचा चेहरा येतो का, आणि आला तर पार्श्वसंगीत तेच राहतं, की ‘टुंग’ वाजतं? आवाज बंद करून बघितलंत तर हा चौथा रकाना चुकेल, म्हणून आवाज चालू ठेवा. एका भागावरून निष्कर्ष काढू नका, निदान आठवडाभर बघा. नाहीतरी बघताच.

आता थोडं आपल्याकडे. आपल्या मंडळाच्या एकांकिका आठवा. कुठल्याही वर्षाची काढा, पहिला हशा कुणावर असतो? नऊवारी नेसलेल्या, ठेच लागून ट्रे पाडणाऱ्या मोलकरणीवर. नोकरी-धंदा सांभाळून आपण इथे सगळे आपापली भांडी घासतो, संडास घासतो आणि श्रमाला प्रतिष्ठा कशी असावी यावर स्मरणिकेत लेखही लिहितो. तिकडे सुट्टीला गेलो की तिसऱ्या दिवसापासून चहाचा कप उचलायला हात जड होतो. त्या मुलीने यातलंही काही पाहिलं असेल. सगळं खापर मालिकेवर फोडता येईल, असं मला तरी वाटत नाही.

बालनाट्याची संहिता बदलणं सोपं आहे, एका संध्याकाळचं काम. अवघड गोष्ट वेगळीच आहे. मालिका बंद करा म्हणावं, तर कित्येक घरांत सलग अर्धा तास मराठी ऐकू येण्याची तेवढीच एक वेळ आहे. सहा महिन्यांसाठी आलेल्या आजीला बोलायला दुसरं कुणी नसतं, नातवंड शेजारी बसतं ते त्याच अर्ध्या तासात. ते मोडायचं कुणी आणि त्या जागी काय ठेवायचं? मुलांना सोबत बसवून ‘हे खोटं आहे’ असं दर पाच मिनिटांनी सांगत राहिलं, तर ती उठून आत जातात आणि मराठीही त्यांच्याबरोबर आत जातं. मला अजून काही सुचलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरी काही जमलं असेल, तर चहाच्या वेळी जरूर सांगा.