टिपर नवे, वही जुनी

डिचोली, सत्तरी, सांगे, केपे. गोव्यातला लोहखनिजाच्या खाणींचा हा भाग. मालाची वाहतूक सुरू असली की रस्त्याकडेच्या काजूची पानंसुद्धा तांबडी दिसतात.

पोर्तुगीज अमदानीत इथलं लोहखनिज कुदळ-पहारीने निघायचं आणि पाट्यांतून डोक्यावरून खाली यायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद कारखान्यांची मागणी आली, तिच्या पाठोपाठ यंत्रं आली. मग टिपर, बार्ज म्हणजे माल वाहणाऱ्या सपाट बोटी, मुरगाव बंदरात माल चढवायची यांत्रिक व्यवस्था.

ही बार्ज बघा. अंगावर आकडे रंगवलेत. माल भरत जातो तशी बार्ज पाण्यात बसते. किती बसली ते आकड्यांवरून वाचायचं आणि आत किती टन माल आहे ते काढायचं. इथून ती मांडवी नदीतून खाली जाते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असला तर कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारी नदीत उतरते. मोजमाप चोख, कारण टनावर पैसे मिळतात.

सरकारची वही मात्र वेगळ्याच काळातली होती. 2009 च्या ऑगस्टपर्यंत लोहखनिजाची रॉयल्टी, म्हणजे खनिज काढल्याबद्दल सरकारला द्यायची रक्कम, टनाला ठरावीक रुपयांत होती, उंची मालालाही तीस रुपयांच्या आत. चीनच्या मागणीने जगात भाव कुठच्या कुठे गेला, तरी रॉयल्टी जागची हलली नाही. नंतर ती किमतीच्या 10 टक्के झाली, 2014 मध्ये 15.

डंपांची, म्हणजे खाणीलगतच्या ढिगाऱ्यांची, गोष्ट तर त्याहून मजेशीर. एक टन माल काढायला दोन-तीन टन माती बाजूला टाकावी लागते. कमी प्रतीचा म्हणून टाकून दिलेला मालही त्याच ढिगाऱ्यांत. चीनने तोही घ्यायला सुरुवात केली आणि कचरा एका रात्रीत माल झाला! कोणता डंप कोणाचा, खाणीच्या भाडेपट्ट्याच्या आतला की बाहेरचा, याचा धड हिशेब नव्हता.

आणि पट्टे? पोर्तुगिजांनी दिलेल्या कन्सेशन्सचे, म्हणजे खाणीच्या सवलतींचे, 1987 च्या कायद्याने भाडेपट्टे झाले. त्यांची मुदत 22 नोव्हेंबर 2007 लाच संपली होती, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितलं. 2010-11 साली पाच कोटी टनांच्या आसपास माल परदेशी गेला, तो अशा मुदत संपलेल्या पट्ट्यांच्या काळात. इतके टिपर रात्रंदिवस धावत होते आणि पट्ट्याची तारीख कोणी पाहिली नाही, हे पटायला जरा जड जातं.

2012 मध्ये बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल आला आणि खाणी थांबल्या. झळ लागली ती ट्रकमालकांना, बार्जवरच्या खलाशांना, नाक्यावरच्या गॅरेजवाल्याला. ‘खाण अवलंबित’ हा शब्द तेव्हापासून रोजच्या पेपरात.

2014 च्या निकालाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या 10 टक्के रकमेचा कायम निधी सुरू करायला सांगितलं. ट्रकांना जीपीएस लागले, वजनकाटे संगणकाला जोडले गेले. हे चांगलंच झालं. पण जीपीएस ट्रक कुठे आहे तेवढंच सांगतो. खाणीलगतच्या गावातली विहीर का आटली, हे त्यात दिसत नाही.

खरी अडचण हिशेबाच्या शीर्षकाची आहे. भाटकाराने, म्हणजे बागायतीच्या मालकाने, नारळ विकले तर ते उत्पन्न. भाटच, म्हणजे बागायतच, विकलं तर? खनिज एकदा गेलं की पुन्हा उगवत नाही, तरी रॉयल्टी अंदाजपत्रकात महसूल म्हणूनच दाखवली जाते आणि चालू खर्चात जिरते. विक्रीचे 10 टक्के कायम निधीत जातात तेवढे वाचतात, बाकीच्याचं काय?

2022 च्या डिसेंबरात डिचोलीपासून लिलाव सुरू झाले. नवे पट्टे 50 वर्षांचे. लिलावात सरकारचा वाटा आता खनिजाच्या किमतीच्या टक्क्यांत ठरतो. याच्या जोडीला दरवर्षी अंदाजपत्रकात आणखी एक तक्ता यायला हवा: जमिनीत किती माल होता, यंदा किती काढला, किती उरला, त्याचे किती पैसे आले आणि ते कुठे ठेवले.