लपवलेला खोकला

नमस्कार, श्रोतेहो.

24 मार्च ही तारीख आम्हा क्षयरोगाचं काम करणाऱ्यांना वर्षानुवर्षं पाठ असते. 1882 साली याच दिवशी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं, म्हणून हा जागतिक क्षयरोग दिन. दरवर्षी आम्ही गावातून फेरी काढायचो, शाळेत मुलांशी बोलायचो, उपकेंद्रावर थुंकी तपासणीचं शिबिर लावायचो. 2020 सालीही फलक रंगवून ठेवले होते. ते तसेच भिंतीला टेकून राहिले. त्याच 24 मार्चला रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी सांगितलं, की मध्यरात्रीपासून 21 दिवस कुणीही घराबाहेर पडायचं नाही.

टाळेबंदी चूक होती असं सांगायला मी आलेलो नाही. त्या रात्री मलाही भीती वाटत होती. नवा आजार होता, औषध नव्हतं, लस नव्हती, आमच्या ग्रामीण रुग्णालयात ऑक्सिजनची सोय जेमतेम होती. काहीतरी करायला हवंच होतं. पण जे केलं त्याच्या सावलीत दुसरं काय घडत गेलं, ते मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्यात क्षयरोग पर्यवेक्षक म्हणून रोज पाहत होतो. ते कुठल्या आकडेवारीत नीट मावत नाही, म्हणून आज बोलतो आहे.

बीड म्हटलं की ऊसतोड. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आमची गावं रिकामी होतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम घ्यायची, ट्रॅक्टरमध्ये संसार टाकायचा आणि कारखान्यांच्या मुलखात जायचं, ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परत. यांच्यातल्या क्षयरुग्णांचा हिशेब आम्ही वेगळा ठेवायचो. जाताना जास्तीच्या गोळ्या द्यायच्या, तिकडच्या आरोग्य केंद्राला फोन करायचा, मुकादमाचा नंबर वहीत लिहून ठेवायचा. क्षयाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा. दोन महिन्यांत माणसाला बरं वाटू लागतं, वजन वाढतं, आणि खरी जोखीम तिथंच असते. गोळ्या मध्येच तुटल्या तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात.

टाळेबंदी लागली तेव्हा लाखाहून अधिक ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात अडकले होते. आमच्या यादीतला एक कोयता तिकडंच होता. नवरा उपचाराच्या चौथ्या महिन्यात. दोन दिवसांतच केंद्र सरकारकडून कळवलं गेलं, की रुग्णांना महिनाभराची औषधं एकदम द्या, शक्य असेल तर घरपोच द्या. सूचना चांगलीच होती. पण ज्याचं घर म्हणजे उसाच्या फडाकडेची पाचटाची खोपी, आणि तीही पोलिसांच्या तीन नाक्यांपलीकडे, त्याला घरपोच द्यायचं कसं? मी फोन करत राहिलो. तिकडच्या केंद्रातला माणूस म्हणाला, "सर, मलाच कोविडच्या ड्यूटीला लावलंय."

ड्यूटी मलाही लागली होती. तालुक्याच्या हद्दीवर तपासणी नाका होता, तिथं सकाळच्या पाळीला हातात ताप मोजायची बंदूक घेऊन मी उभा राहायचो. एप्रिलच्या मध्यानंतर कामगारांना परत यायची परवानगी मिळाली आणि ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या. ताप बघायचा, खोकला आहे का विचारायचं, नाव लिहायचं आणि पुढं सोडायचं. श्रोतेहो, क्षयाचा ताप संध्याकाळी चढतो. सकाळी कपाळ गार असतं. हे मला माहीत होतं, तरी माझ्या पुढ्यातल्या कागदावर त्यासाठी रकाना नव्हता. आणि खोकल्याबद्दल विचारलं, की प्रत्येक जण 'नाही' म्हणायचा.

का म्हणणार नाही? खोकला आहे म्हटलं तर शाळेतल्या विलगीकरणात जावं लागायचं. आधीच मार्चपासून राज्यात विलगीकरणातल्या माणसांच्या डाव्या हातावर शिक्का मारायला सुरुवात झाली होती. शिक्का मारणाऱ्याचा हेतू साधा होता, माणूस ओळखू यावा. पण ओळखू आला की लोक त्याला गाडीतून उतरवायचे, पाणी देईनात. गावांनी बाभळीच्या फांद्या टाकून वेशी बंद केल्या होत्या. खोकणाऱ्या माणसाच्या घराकडं शेजारी बोट दाखवायचे. मग माणसं खोकला गिळायला शिकली.

त्या कोयत्यातल्या नवऱ्यानंही तेच केलं. चौदा दिवस गावाबाहेर शेतात काढले, आशाताई विचारायला गेली की तोंडावर गमजा धरून म्हणायचा, "काय नाही, बरं हाय." गोळ्या केव्हाच संपल्या होत्या. ऑगस्टमध्ये त्याच्या बायकोनं त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून, मागून धरून आणलं. अडतीस किलो वजन. मी तिला रागावलो, इतके दिवस का थांबलात म्हणून. ती म्हणाली, "सर, तवा खोकला म्हंजे गुन्हाच हुता ना." मला त्यावर उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

बेडक्याचा नमुना घेतला. जंतू औषधाला दाद देतो की नाही हे एरवी दोन तासांत सांगणारं सीबीनॅटचं यंत्र होतं, पण ते कोविडच्या तपासण्यांना जुंपलेलं होतं. देशभर तसंच झालं होतं. क्षयासाठी घेतलेली यंत्रं आणि ती चालवणारे हात दोन्ही तिकडं वळले होते. आमचा अहवाल यायला अडीच आठवडे लागले. रिफाम्पिसिनला, म्हणजे क्षयाच्या मुख्य औषधाला, दाद न देणारा क्षय. तोवर बायकोलाही खोकला सुरू झाला होता.

एकट्या त्याची ही गोष्ट असती तर मी रेडिओवर सांगितली नसती. 2019 साली देशात सुमारे 24 लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती. 2020 साली ती 18 लाखांच्या आसपास आली. क्षय काही कमी झाला नव्हता. ते सहा लाख लोक कुठंतरी खोकत होते, आणि आम्ही त्यांना पाहत नव्हतो. उपचार न घेतलेला एक फुफ्फुसाचा क्षयरुग्ण वर्षभरात दहा ते पंधरा जणांना संसर्ग देऊ शकतो, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. टाळेबंदीत ही माणसं आठ बाय दहाच्या खोल्यांत घरच्यांसोबत कोंडलेली होती. एका जंतूपासून वाचायला दार लावलं, दुसरा जंतू आतच होता.

या सगळ्यात मला सारखं 1897 साल आठवत राहिलं. मार्च 2020 मध्ये महाराष्ट्रानं जो साथरोग कायदा लागू केला तो 4 फेब्रुवारी 1897 चा, प्लेगसाठी इंग्रजांनी घाईनं केलेला. चार कलमांचा छोटासा कायदा, अधिकार मात्र भरपूर. त्याच्या बळावर पुण्यात रँड साहेबाच्या प्लेग कमिटीनं गोऱ्या सैनिकांना घराघरांत घुसवलं. देवघरापर्यंत बूट गेले, सामान जाळलं, बायाबापड्यांची काखेत-जांघेत गाठ आहे का म्हणून अब्रू घेणारी तपासणी झाली. जूनमध्ये चापेकर बंधूंनी रँडला गोळ्या घातल्या, हे आपण शाळेत शिकतो. त्यामागचं आरोग्याचं गणित मात्र शिकवत नाहीत. लोकांनी गाठ लपवली. आजारी माणूस माळ्यावर, अडगळीत दडवला. ज्यांना जमलं ते रातोरात गावाकडं निघाले, आणि काही जणांच्या बोचक्यातून प्लेगही निघाला. उंदरावरची पिसू हा रोग माणसाकडं नेते हे पॉल-लुई सिमों यांनी 1898 साली दाखवलं. म्हणजे घर उपसणाऱ्या सैनिकांना नेमकं काय शोधायचं हेही ठाऊक नव्हतं.

त्याच 1897 च्या मार्च महिन्यात, त्याच पुण्याजवळ, सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात आल्या. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि 10 मार्चला त्या गेल्या. साथ तीच, शहर तेच. एकीकडं सैनिक शोधत होते आणि लोक लपवत होते. दुसरीकडं एक म्हातारी बाई उचलून आणत होती, आणि तिच्यापासून कुणी लपत नव्हतं.

आमच्या आशाताईंची तुलना मी सैनिकांशी कधीच करणार नाही. त्या उन्हातान्हात, तुटपुंज्या मानधनावर, स्वतः घाबरलेल्या असताना दारोदार फिरल्या. सप्टेंबर 2020 मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' सुरू झालं तेव्हा ओळखीची बाई दारात ऑक्सिमीटर घेऊन आली, उंबऱ्यावर बसून बोलली, आणि हळूहळू लोक खरं सांगू लागले. डिसेंबरमध्ये क्षय आणि कुष्ठरोगाची घरोघर शोधमोहीम झाली, त्यात आम्हाला कित्येक जुने खोकले सापडले. पुढं आकडेही वर आले. 2022 मध्ये नोंदणी पुन्हा 24 लाखांच्या पुढं गेली. कोविडसाठी घेतलेली ट्रूनॅटची, म्हणजे सीबीनॅटसारखीच तपासणी करणारी छोटी यंत्रं आता तालुक्याच्या पातळीवर क्षयासाठी वापरतात. हाही न ठरवता झालेलाच परिणाम, आणि मी तो आनंदानं सांगतो.

पण मधले महिने परत येत नाहीत. त्या माणसाचा उपचार सहा महिन्यांऐवजी दीड वर्ष चालला. तो वाचला, पण त्याच्यात मोळी उचलायची ताकद राहिली नाही. त्याची बायको बरी झाली आणि पुढच्या हंगामात एकटीच गेली. आमच्याकडं असं एकट्यानं जाण्याला अर्धा कोयता म्हणतात, उचलही अर्धीच मिळते.

आज हे ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, संध्याकाळी अंगात कणकण येत असेल, वजन उतरत असेल, तर आशाताईकडून थुंकीची डबी घ्या. सकाळी उठल्यावर साध्या पाण्यानं चूळ भरा, मोकळ्या हवेत जा, खोल श्वास घेऊन खोकला काढा. नुसती लाळ नको, छातीतला बेडका हवा. झाकण घट्ट लावून त्याच दिवशी आरोग्य केंद्रात द्या. तपासणी फुकट आहे, औषधंही फुकट आहेत, आणि खोकल्यासाठी आता तुमच्या हातावर कुणी शिक्का मारणार नाही.

नमस्कार.