कुलपावरचा आळ

पडद्यावर सरकणारी ही रेषा घरातल्या एका छोट्या साठवण सर्व्हरवर फोटो आणि व्हिडिओ कॉपी होत असतानाचा वेग दाखवते. सुरुवातीचे काही सेकंद ती सेकंदाला 110 एमबीच्या आसपास स्थिर राहते आणि मग एकदम निम्म्यावर घसरते. सर्व्हरची डिस्क पूर्णपणे एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी कुलूपबंद आहे हे कळताच बहुतेक जण दोष तिथेच देतात. हा दोष कधी खरा असतो आणि कधी तो चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार ठरतो, हे समजण्यासाठी डेटाची वाट पहिल्यापासून पाहावी लागते.

लॅपटॉपमधून निघालेली फाइल प्रथम नेटवर्कच्या तारेतून येते. गिगाबिट जोडणीची सैद्धांतिक मर्यादा सेकंदाला 125 एमबी आहे आणि प्रत्यक्षात 110 च्या आसपास मिळतात. सर्व्हरमध्ये पोहोचलेला डेटा लगेच डिस्कवर जात नाही, कारण सर्व्हर चालवणारी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम तो आधी मेमरीत ठेवून घेते आणि सामान्यतः उपलब्ध मेमरीच्या 20 टक्क्यांपर्यंत असा न लिहिलेला डेटा साठू देते. म्हणजे रेषेचा सुरुवातीचा सपाट भाग हा डिस्कचा वेग नसून तारेचा आणि मेमरीचा वेग आहे. मेमरीतली जागा भरली की डिस्क आणि तिच्या वाटेवरचे एन्क्रिप्शन खरोखर किती झेपवू शकतात ते उघडे पडते.

या सर्व्हरमध्ये 2019 साली बाजारात आलेला रास्पबेरी पाय 4 हा छोटा, स्वस्त संगणक आहे. लिनक्समध्ये डिस्कसाठी सहसा वापरली जाणारी एईएस ही एन्क्रिप्शनची पद्धत डेटाचे 16 बाइटचे तुकडे करते आणि 256 बिटांची किल्ली असेल तर प्रत्येक तुकड्यावर 14 फेऱ्या चालवते. इंटेलने 2010 पासून आपल्या प्रोसेसरांत या फेऱ्यांसाठी खास सूचना, म्हणजे प्रोसेसर थेट पाळतो अशा आज्ञा, आणल्या. त्या असलेल्या संगणकावर प्रोसेसरचा एकच कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारा एक भाग, सेकंदाला एक जीबीहून अधिक डेटा सहज एन्क्रिप्ट करू शकतो, आणि दीडशे ते अडीचशे एमबीच्या वेगाने लिहिणाऱ्या फिरत्या हार्ड डिस्कला त्याची झळही लागत नाही. पाय 4 च्या प्रोसेसरमध्ये मात्र या सूचना नाहीत. तिथे सगळ्या फेऱ्या साध्या गणिताने करायच्या असल्यामुळे एका कोअरचा वेग सेकंदाला शंभर एमबीच्या आत राहतो. काम चार कोअरमध्ये वाटले जाते हे खरे, पण नेटवर्क आणि फाइल वाटणारा साम्बा हा प्रोग्राम त्याच कोअरवर हक्क सांगत असतात. या यंत्रावर कुलपावरचा आळ खरा ठरतो.

यावर दोन उपाय आहेत. गूगलने 2019 मध्ये अशाच अशक्त प्रोसेसरांसाठी ॲडिअँटम ही पद्धत पुढे आणली. तिचे बहुतेक काम बेरीज, बिटांची फिरवाफिरव आणि एक्सऑर (दोन बिट वेगळे आहेत का हे पाहणे) अशा साध्या क्रियांवर चालते, त्यामुळे पाय 4 वर ती एईएसपेक्षा स्पष्टपणे वेगवान आहे. दुसरा उपाय म्हणजे यंत्र बदलणे, कारण 2023 च्या पाय 5 मध्ये एईएसच्या सूचना आहेत.

कोणताही उपाय करण्याआधी मोजमाप मात्र करावेच. लिनक्समध्ये डिस्क एन्क्रिप्ट करणाऱ्या क्रिप्टसेटअप या साधनातली चाचणी डिस्कला स्पर्श न करता केवळ मेमरीत एन्क्रिप्शनचा वेग सांगते, आयपर्फ हा प्रोग्राम नेटवर्कचा वेग सांगतो, आणि सर्व्हरवरच एक मोठी फाइल लिहून पाहिली की डिस्क कुठे उभी आहे ते कळते. ही फाइल निव्वळ शून्यांची असू नये, कारण कॉम्प्रेशन चालू असलेली फाइल सिस्टिम ती शून्ये जवळजवळ न लिहिताच अविश्वसनीय आकडे दाखवते. एन्क्रिप्शनची चाचणी चारशे-पाचशे एमबी सांगत असेल आणि तरीही लिहिण्याचा वेग तीसवर अडकला असेल, तर संशय दुसरीकडे न्यावा. ज्या डिस्कमध्ये डेटा लिहिण्याचे माग (ट्रॅक) कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात, तिथे एक माग बदलण्यासाठी शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. अनेक डिस्क एकत्र जोडणाऱ्या रेड 5 या रचनेत लहानशा बदलासाठी जुना डेटा आणि जुनी पॅरिटी (एक डिस्क गेली तर डेटा परत मिळवून देणारी बेरजेसारखी माहिती) वाचणे, मग दोन्ही नव्याने लिहिणे अशा चार क्रिया होतात. या दोन्ही ठिकाणी एन्क्रिप्शन काढून टाकले तरी वेगात फारसा फरक पडणार नाही.

आणि ते काढून टाकणे स्वस्तही पडत नाही. बंद पडलेली डिस्क वॉरंटीत परत पाठवताना तिच्यावरचा डेटा पुसता येत नाही, कारण ती चालतच नसते. एन्क्रिप्ट केलेली डिस्क निर्धास्तपणे पाठवता येते. सर्व्हर चालू आणि डिस्क उघडलेली असताना नेटवर्कवरून शिरणाऱ्याला मात्र हे कुलूप अडवत नाही, हेही तितकेच खरे.

सेकंदाला 60 एमबीच्या वेगाने एक टीबीचा पहिला बॅकअप साडेचार तासांहून थोडा अधिक घेतो आणि 110 च्या वेगाने अडीच तास. त्यानंतर रोज रात्री जाणारे दोन-तीन जीबी दोन्ही वेगांत मिनिटभराच्या आतच लिहून होतात.