काळ्या खिडकीतून रोबोट चालवायचाय? आधी तो ब्राउझरचा टॅब बंद करा

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओत मी लाईन फॉलोअर, म्हणजे रेषेवरून चालणारा लेगोचा रोबोट, दाखवला आणि लाईन फॉलोअरबद्दल कोणी चकार शब्द विचारला नाही. सगळ्यांचं एकच: "ताई, तुम्ही त्या काळ्या खिडकीत काय टाइप करता आणि रोबोट लगेच कसा पळतो?" एकाने तर "हॅकिंगपण शिकवा" असं लिहिलंय. अहो, हॅकिंग कसलं! ती साधी कमांड लाईन आहे, कॉम्प्युटरला टाइप करून हुकूम द्यायची जागा, आणि मी त्यात चालवते त्या, रोबोटला प्रोग्रॅम पाठवणाऱ्या टूलचं नाव पायब्रिक्सडेव्ह. स्पेलिंग खाली स्क्रीनवर येतंय, सगळं स्मॉल अक्षरांत, मध्ये जागा नाही.

कोणत्या हबबद्दल, म्हणजे रोबोटचा मेंदू असलेल्या ठोकळ्याबद्दल, बोलतोय ते आधी सांगते, कारण हल्ली बऱ्याच जणांकडे सेकंडहँड सेट येतायत. लेगोने माइंडस्टॉर्म्सचा रोबोट इन्व्हेंटर हा सेट २०२० मध्ये आणला आणि २०२२ च्या अखेरीस बंदही केला. हब मात्र अजून ठणठणीत आहेत. पायब्रिक्स हे त्या हबमध्ये घालायचं ओपन सोर्स फर्मवेअर, म्हणजे हब चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, आणि त्यात मायक्रोपायथन, छोट्या उपकरणांसाठीचं पायथन. स्पाइक प्राइम, टेक्निक हब, सिटी हब, बूस्टचा मूव्ह हब, सगळ्यांवर चालतं. "हब खराब होईल का" हा प्रश्न दर व्हिडिओखाली असतो. नाही होत. लेगोचं मूळ फर्मवेअर केव्हाही परत घालता येतं.

आता इन्स्टॉलेशन. हे पटकन उरकते. पायथन टाका, नवीन आवृत्ती घ्या. मग पिपएक्स टाका, पायथनमधली टूल्स इन्स्टॉल करणारा प्रोग्रॅम. मग "पिपएक्स इन्स्टॉल पायब्रिक्सडेव्ह". मग "पिपएक्स एन्शुअरपाथ", आणि टर्मिनल, म्हणजे तीच काळी खिडकी, बंद करून पुन्हा उघडा. पुन्हा उघडा म्हणजे खरंच उघडा, नाहीतर "कमांड नॉट फाउंड" येईल आणि तुम्ही मला स्क्रीनशॉट पाठवाल.

पायथनचं नेहमीचं इन्स्टॉलर, साधं पिप, का नाही? लिनक्सवर उबंटू २३.०४ पासून किंवा डेबियन १२ पासून पुढचं काही वापरत असाल तर सिस्टिमचं पिप तुम्हाला सरळ नकार देतं. त्या नकारातच एक लांबलचक ऑप्शन लिहिलेला असतो, "ब्रेक सिस्टिम पॅकेजेस" नावाचा, आणि कमेंटमध्ये लोक एकमेकांना तोच सुचवतायत. बाबांनो, नावातच "ब्रेक" आहे! तेवढं नाव वाचूनही कोणाला तो वापरावासा वाटत असेल तर मी काय बोलणार. पिपएक्स प्रत्येक टूल स्वतंत्र ठेवतं, सिस्टिमला हात लावत नाही. विषय संपला. हो, लिनक्सवाल्यांनी युडेव्हचे नियम (यूएसबीने जोडलेला हब वापरायची परवानगी देणारे) टाकायला विसरू नका, त्याची ओळ स्क्रीनवर आहे.

फर्मवेअर पहिल्यांदा घालायला मी तरी पायब्रिक्सची वेबसाइटच वापरा म्हणेन. क्रोम किंवा एजमध्ये उघडा, फायरफॉक्समध्ये ब्लूटूथ मिळणार नाही. प्राइम हबला त्यासाठी मायक्रो यूएसबी केबल लागते, आणि ती डेटाची हवी. घरात मायक्रो यूएसबीच्या ढीगभर केबली असतात, त्यातल्या कितीतरी फक्त चार्जिंगच्या. हबचा दिवा लागतो, चार्ज होतो, कॉम्प्युटरला मात्र काही दिसत नाही. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत गेलात तर "डेटा जाणारी द्या" असं स्पष्ट सांगा आणि तिथेच केबल फोनला जोडून फाइल जाते का बघा. टेक्निक हबला यूएसबीच नाही, त्यात सहा डबल ए सेल आणि सगळं काम ब्लूटूथवर. त्यामुळे फर्मवेअर घालताना सेल ताजे ठेवा.

[स्क्रीनवर: टर्मिनल]

आता खरा मुद्दा. तुमची फाइल तयार आहे. पोर्ट ए ला मोटर, "रन अँगल", आत ५०० आणि ३६०. म्हणजे सेकंदाला ५०० अंशांच्या वेगाने एक पूर्ण फेरा. तुम्ही टाइप करता "पायब्रिक्सडेव्ह रन बीएलई" (बीएलई म्हणजे ब्लूटूथवरून) आणि पुढे फाइलचं नाव. एंटर. आणि... काही नाही. सर्चिंग. थोड्या वेळाने टाइमआउट. बहुतेक लोक इथे पायथन पुन्हा टाकायला घेतात. पायथनचा इथे काही संबंध नाही!

हब एका वेळी एकाच कॉम्प्युटरशी बोलतो. फर्मवेअर घालून झाल्यावर तुम्ही वेबसाइटवरून हब जोडून बघितलेला असतो, आणि तो टॅब तसाच मागे उघडा असतो. हब त्या टॅबशी जोडलेला आहे. तुमच्या टर्मिनलला तो कुठून सापडणार? जुना लँडलाइन आठवा. पलीकडे कोणीतरी बोलत असेल तर तुम्ही कितीही वेळा डायल करा, एंगेजच लागणार.

आतून काय होतं तेही सांगते, म्हणजे पटेल. हब मोकळा असताना आपलं नाव ब्लूटूथवर सतत जाहीर करत असतो. पायब्रिक्सडेव्ह ते नाव ऐकून जोडून घेतं. एकदा कोणी जोडलं की हब नाव जाहीर करणं थांबवतो. म्हणून तुम्हाला "हब बिझी आहे" असा मेसेज येतच नाही. "हब सापडत नाही" असा येतो, आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. मला यातलं हेच सगळ्यात चीड आणणारं वाटतं.

तरी समजत नसेल तर हबकडे बघा, स्क्रीनकडे नको. निळा दिवा लुकलुकतोय? मोकळा आहे. निळा स्थिर आहे? कोणीतरी धरून ठेवलाय. टॅब शोधा, आतल्या खोलीतला दुसरा लॅपटॉप शोधा, भावाने हौसेने उघडून ठेवलेला. कोण ते सापडत नसेल तर हब बंद करून चालू करा, आणि लगेच टर्मिनलमधून जोडा.

आणि हात जोडून सांगते, विंडोजच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन हब पेअर करू नका. हा हेडफोन नाही. पेअर करायची गरज नसते, टूल स्वतः जोडतं. "ताई, मी आधी नीट पेअर करून घेतला तरी चालत नाही" अशा कमेंटवर कमेंट आहेत. अहो, "तरी" नाही, केला म्हणूनच गोंधळ असू शकतो! तिथून काढून टाका आणि पुन्हा बघा. मॅकवाल्यांनी सेटिंगमध्ये टर्मिनलला ब्लूटूथची परवानगी दिलीये का तेवढं तपासा.

यालाच लागून दुसरी भानगड, नावाची. फर्मवेअर घालताना नाव दिलं नाही तर प्रत्येक हबचं नाव "पायब्रिक्स हब" असतं. घरी एकच हब असेल तर ठीक. आमच्या कोथरूडच्या शनिवारच्या वर्गात दोन टेबलांवर दोन हब, नाव एकच. इकडच्या मुलीने एंटर दाबलं, आणि तिकडच्या टेबलावर दोघं जण ज्या रोबोटचं चाक बसवत होते तो उठून चालायला लागला. थेट टेबलाच्या कडेपर्यंत. एकाने झेलला म्हणून वाचला, पण त्याच्या हातातला चहा गेला. तिच्या स्क्रीनवर मात्र सगळं व्यवस्थित, प्रोग्रॅम पूर्ण. कमांडमध्ये नाव दिलं नाही तर टूल पहिला सापडेल त्या हबला धरतं, त्याचा काय दोष? तेव्हापासून आमच्याकडे हबचं बारसं आधी, प्रोग्रॅम नंतर. सध्या एक "मिसळ" आहे आणि एक "बाकरवडी", दोन्ही इंग्रजी अक्षरांत. कमांडमध्ये "डबल डॅश नेम" आणि पुढे नाव. नावात स्पेस असेल तर अवतरणचिन्हांत टाका.

आता राजेशभाऊ वगैरे मंडळी नेहमी विचारतात (नाव बदललंय, उगाच भांडण नको): "वेबसाइटवर बटण दाबलं की चालतं, मग हा उपद्व्याप कशाला?" बरोबर आहे, चालतं. सहावीतल्या मुलाला मीही ब्लॉकच (ठोकळे जोडून करायचा कोड) देते. पण हे बघा.

[स्क्रीनवर: आकड्यांची यादी सरकतेय]

हबवरच्या प्रोग्रॅममध्ये मी जे प्रिंट करते ते इथे टर्मिनलमध्ये येतं. ही बॅटरी आहे, मिलीव्होल्टमध्ये. कमांडच्या शेवटी "मोठ्यापेक्षा" चं चिन्ह आणि फाइलचं नाव लिहिलं की सगळे आकडे थेट फाइलमध्ये. मग स्प्रेडशीटमध्ये आलेख काढा. संध्याकाळी रोबोट वळणावर चुकतो आणि सकाळी चुकत नाही, याचा संबंध बॅटरीशी आहे की सेन्सरवर पडणाऱ्या ट्यूबलाईटशी, हे मग वाद घालून नाही, आकडे बघून ठरतं. शिवाय एडिटर तुमच्या आवडीचा, फाइलींच्या जुन्या-नव्या आवृत्त्या गिटमध्ये जपून, आणि एका प्रोग्रॅममधून स्वतःची दुसरी फाइल इम्पोर्ट केलीत तर टूल दोन्ही एकत्र करून पाठवतं.

मूव्ह हबवाल्यांना मात्र आधीच सांगून ठेवते. त्याची मेमरी अगदीच तुटपुंजी, रॅम १६ किलोबाइट. दशांश अपूर्णांकांची गणितंही त्यात होत नाहीत. माझा प्राइम हबचा कोड जसाच्या तसा त्यात टाकून "तुमचा कोड चुकीचा आहे" असं लिहू नका.

बाकी अडलं तर विचारा, मी उत्तर देते. फक्त "चालत नाही" एवढंच लिहू नका. हब कोणता, सिस्टिम कोणती, टर्मिनलमधली शेवटची ओळ, आणि निळा दिवा लुकलुकतोय की स्थिर, एवढं लिहा. आणि फोटो काढायचाच असेल तर जरा सरळ काढा, मागच्या वेळी अर्धी ओळ कुणाच्या तरी अंगठ्याखाली होती.