पाच रुपयांचा पुडा

श्रोतेहो, नमस्कार.

मंगळवेढा तालुक्यातल्या एका खेड्यात मी 32 वर्षं प्राथमिक शिक्षिका होते. पहिलीतली एक मुलगी रोज मुठीत कुरकुरीत खाऊचा पुडा घेऊन यायची. प्रार्थना संपेपर्यंत पुडा रिकामा, बोटं केशरी, आणि पाटीला हात लावला की पाटीवर तेलाचे ठसे. एक दिवस तिची आई भेटली, तेव्हा मी तिला बोलले. सकाळच्या पारी लेकराला हे काय देतेस, म्हणाले.

ती शांतपणे म्हणाली, "बाई, सहाला टमटम येतीया खुरपायला न्यायला. त्याच्या आधी पाणी, धुणं, शेरडांचं. भाकरी थापायला हात कुठनं आणू? पाच रुपयात पोरगी गप बसती."

मला उत्तर सुचलं नाही. पालकांनी मुलांच्या आहाराकडे लक्ष द्यावं, असं मी पालकसभेत वर्षानुवर्षं सांगत आले होते. त्या दिवसापासून ते वाक्य मी टाकून दिलं.

त्या पुड्यामागे राजकारण आहे, असं मला वाटतं. तुम्ही म्हणाल, यात राजकारण कुठून आलं? मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार. इथल्या काळ्या रानातली मालदांडी जातीची ज्वारी पेरणीनंतर पावसाची फारशी वाट न बघता जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीवर पिकते. 2016 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्याच गावातलं लेकरू न्याहारीला पाम तेलात तळलेलं पीठ खातं. हे आपोआप झालेलं नाही. काय स्वस्त मिळावं आणि काय महाग, हे कुठंतरी बसून ठरवलं जातं.

तेलाचंच बघा. आपल्या देशात पाम तेल मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं. 2025 च्या मे महिन्यात केंद्र सरकारने कच्च्या पाम तेलावरचं मूळ आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर आणलं. महागाईत गृहिणीला तेल परवडावं हा त्यामागचा हेतू मला मान्य आहे. पण शुल्क उतरलं की सगळ्यात मोठा फायदा पिंपांनी तेल घेणाऱ्याला, म्हणजे असे पुडे बनवणाऱ्यांना होतो. मग त्याच वर्षी 22 सप्टेंबरपासून बिस्किटं, फरसाण, झटपट नूडल्स यांच्यावरचा जीएसटी 5 टक्क्यांवर आला. लेबल लावलेल्या पिशवीतल्या ज्वारीच्या पिठावर किती? तेवढाच, 5 टक्के. सरकारच्या हिशेबात माझ्या भाकरीचं पीठ आणि त्या मुलीचा पुडा एका रांगेत बसले आहेत. हे वाचलं त्या दिवशी मला खरोखर वाईट वाटलं.

आणि ज्वारी? ती काढायला माणसं लागतात. ताट उपटायचं, पेंढ्या बांधायच्या, कणसं खुडायची. मजुरी वाढली, पाखरं राखायला कुणी उरलं नाही, म्हणून लोकांनी ज्वारी पेरणं कमी केलं. 2025-26 साठी मालदांडीचा हमीभाव क्विंटलला 3749 रुपये जाहीर झाला. पण जाहीर होणं वेगळं आणि वजनकाट्यावर हातात पडणं वेगळं, हे शेतकऱ्याला मी सांगायला नको. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्यही लिहिलेलं आहे. आमच्या रेशन दुकानात मात्र मी वर्षानुवर्षं गहू आणि तांदूळच पाहिले. 2022 च्या दिवाळीत आपल्या राज्यात 100 रुपयांत शिधा दिला गेला: रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पाम तेल. गरिबाची दिवाळी गोड झाली, ते चांगलंच झालं. पण त्या पिशवीत करडईचं किंवा शेंगदाण्याचं तेल असतं, तर इथल्या शेतकऱ्याचीही झाली असती.

माझी आजी 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. कामावर सुकडी, म्हणजे खायला तयार पौष्टिक पीठ मिळायचं आणि रेशनला परदेशातून आलेला मिलो, म्हणजे तांबडी ज्वारी. त्याच्या भाकरीला पापुद्रा सुटत नाही, असं ती सांगायची. तरी त्या मिलोला तिने कधी नावं ठेवली नाहीत, कारण त्याने घर जगवलं होतं. ती भूक खरी होती आणि उपाय तात्पुरता. आज दुष्काळ नाही, तरी आपण गरिबाला काय दिलं तर तो गप बसेल एवढाच विचार करतो.

चिली देशाने 2016 पासून जास्त साखर, मीठ, चरबी असलेल्या पाकिटांवर काळा अष्टकोनी शिक्का सक्तीचा केला. अक्षर न येणाऱ्या आईलाही तो कळतो. आपल्याकडे 2022 साली, पदार्थ आरोग्याला किती चांगला ते दाखवायला पाकिटावर तारे छापण्याचा मसुदा आला. मला तो पटत नाही. आमच्या शाळेत तारा शाबासकीला देतात. तळलेल्या पुड्यावर एक जरी तारा दिसला, तरी पोरं त्याला चांगलंच समजणार. इशारा द्यायचा तर इशाऱ्यासारखा द्यावा.

मागे आमच्या गल्लीत मतं मागायला मंडळी आली होती. रस्ता, गटार, पाण्याची टाकी, सगळं बोलून झालं. मागे ती मुलीची आई उभी होती. पदर सावरून पुढं आली आणि म्हणाली, "रेशनला ज्वारी द्या. दळून द्या. अन् कामाची टमटम सातला येऊ द्या."

पहिल्या दोन गोष्टी त्यांनी वहीत लिहून घेतल्या. तिसरी कुणाला सांगायची, ते तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं.

नमस्कार.