घर ते गेट

[दृश्य: अंधारातला रस्ता. दूरवर एका दुचाकीचा दिवा.]

22 एप्रिल 2003. साखर कारखान्यातला एक रखवालदार मोटारसायकलवरून कामावर निघाला होता. पाळी पहाटे 3 ते सकाळी 11. कारखाना पाचेक किलोमीटरवर राहिला असताना अपघात झाला. माणूस जागीच संपला. मागे बायको, चार मुलं आणि आई.

भरपाईचा दावा उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, दाखल झाला. प्रश्न एकच होता: हा माणूस मेला तेव्हा तो कामावर होता की नव्हता?

[दृश्य: कारखान्याचं गेट, हजेरीची खिडकी, पाळी बदलताना आत-बाहेर जाणारे कामगार]

कामगार नुकसानभरपाईचा कायदा 1923 चा, अंमल 1 जुलै 1924 पासून. मालकाची चूक होती हे कामगाराला सिद्ध करावं लागत नाही, ही त्याची मोठी ताकद. अट मात्र एक आहे. अपघात नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात झालेला हवा. शंभर वर्षं वकिलांची घरं या एका अटीवर चालली, असं म्हटलं तरी फारसं वावगं ठरणार नाही.

भरपाईचा हिशोब त्या मानानं सरळ. मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग घ्यायचा आणि त्याला वयानुसार ठरलेल्या गुणकानं गुणायचं. वय कमी, तर गुणक मोठा. पगार कितीही असला, तरी हिशोबात धरायच्या रकमेला कमाल मर्यादा. 2003 साली ती होती 4,000 रुपये. निम्मे 2,000. सत्तेचाळिसाव्या वर्षाचा गुणक 163.07. गुणाकार येतो 3,26,140 रुपये. उस्मानाबादच्या कामगार भरपाई आयुक्तांनी 2009 मध्ये मंजूर केलेली रक्कम नेमकी हीच, वर 12 टक्के व्याज.

पैसे हातात पडायला हवे होते. पण कारखान्याची विमा कंपनी उच्च न्यायालयात गेली आणि 2011 मध्ये आदेश रद्द झाला. कारण? अपघात रस्त्यावर झाला. रखवालदार अजून कामावर पोहोचलाच नव्हता.

[दृश्य: खाडी, भरतीचं पाणी, काठाला बांधलेली होडी]

असा निकाल काही पहिलाच नव्हता. 1952 साली पोरबंदरजवळच्या मिठागरातले मजूर काम आटोपून होडीनं खाडी ओलांडत होते. होडी उलटली, माणसं बुडाली. सर्वोच्च न्यायालयाचा 1958 चा निकाल असा, की होडी सार्वजनिक होती, तिच्यातून कोणीही जाऊ शकत होतं, म्हणून ते मजूर तेव्हा नोकरीच्या ओघात नव्हते.

[दृश्य: मुंबई. डेपोतून बाहेर पडणारी लाल बस.]

पाच वर्षांनी मुंबईचं प्रकरण आलं. बेस्टचा एक ड्रायव्हर जोगेश्वरी डेपोत आपली गाडी लावून सांताक्रूझला घरी निघाला होता, बेस्टच्याच दुसऱ्या बसमधून. ती बस उभ्या लॉरीवर आदळली आणि पुढे त्याचा मृत्यू झाला. या वेळी बहुमतानं कौल कुटुंबाच्या बाजूनं लागला. ड्रायव्हर वेळेवर यावेत, सेवा सुरळीत चालावी म्हणूनच बेस्ट त्यांना बसमधून जाऊ देते. तेव्हा तो प्रवासही नोकरीचाच भाग, असं न्यायालयानं मानलं.

म्हणजे मालकाच्या गाडीत मेलात तर भरपाई, स्वतःच्या सायकलवर मेलात तर नाही? 1996 मध्ये जवळपास तसाच निकाल लागला. साडेचारच्या पाळीसाठी सायकलवर निघालेल्या कामगाराला सव्वाचारला लॉरीनं धडक दिली. कारखाना होता एक किलोमीटरवर. त्याचा ईएसआयचा, म्हणजे पगारातून हप्ता कापल्या जाणाऱ्या कर्मचारी राज्य विम्याचा, दावा फेटाळला गेला.

संसदेनं ही उणीव 2010 मध्ये भरली, पण अर्धीच. घर ते काम या प्रवासातला अपघात नोकरीतलाच धरावा, अशी दुरुस्ती राज्य विमा कायद्यात झाली. भरपाई कायद्यात या प्रवासाबद्दल एक ओळही वाढली नाही. एकाच रस्त्यावरून कामाला जाणारे दोन कामगार. एकाचा ईएसआय कापला जातो, दुसऱ्याचा नाही. खड्डा मात्र दोघांना एकच.

[दृश्य: दिल्ली. सर्वोच्च न्यायालयाची इमारत.]

29 जुलै 2025. न्यायमूर्ती मनोज मिश्रा आणि न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठानं रखवालदाराच्या कुटुंबाच्या बाजूनं निकाल दिला. दोन्ही कायदे कामगाराच्या हिताचे, तेव्हा एकात आलेलं स्पष्टीकरण दुसऱ्यालाही लागू, आणि मागच्या घटनांनाही लागू, असं न्यायालय म्हणालं. फक्त अपघाताची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी धागा जुळायला हवा. इथे तो जुळत होताच. पहाटे तीनच्या पाळीचा रखवालदार त्या वेळी हौसेनं रस्त्यावर नसतो.

अपघातानंतर बावीस वर्षांनी उस्मानाबादचा आदेश पुन्हा उभा राहिला. आकडा तोच, 3,26,140. कमाल मर्यादा जानेवारी 2020 पासून 15,000 रुपये झाली. त्या मर्यादेनं आणि त्याच गुणकानं हिशोब केला तर तो 12,23,025 रुपयांवर जातो. जुन्या मृत्यूला नवी मर्यादा मिळत नाही. कुटुंबाला आधार फक्त व्याजाचा.

21 नोव्हेंबर 2025 पासून जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. घर ते काम आणि काम ते घर हा प्रवास आता तिथे थेट लिहिलेला आहे, धागा जुळण्याच्या अटीसकट.

[दृश्य: हजेरीचं मस्टर, त्यातल्या सह्या. मग पोलिसांचा पंचनामा.]

वाटेत मुलाला शाळेत सोडलं तर धागा तुटतो का? रस्ता बदलला तर? असे प्रश्न पुढेही न्यायालयात येत राहतील. तोवर पाळीचं वेळापत्रक, हजेरी, पगाराची पावती आणि पंचनाम्यातली वेळ, एवढे कागद तरी जपून ठेवावेत. ज्याचं नाव कुठल्याच मस्टरवर नाही, त्याची लढाई याहून कितीतरी अवघड.

दाव्यासाठी मुदत आहे दोन वर्षांची. आणि त्यासाठी कारखान्याच्या गावी खेटे घालायची गरज नाही. मृताची बायको जिथे राहते, तिथल्याच हद्दीत अर्ज करता येतो.