ऊन खालूनही येतं

[दृश्य: मढचा किनारा. वलांड्यांवर टांगलेले बोंबील.]

पावसाळा सरला की मुंबईतल्या मढच्या किनाऱ्यावर वलांड्या, म्हणजे मासळी वाळवायचे बांबूचे मांडव, उभ्या राहतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे, जोडी दांडीवर टांगायची आणि कडक उन्हात वाळू द्यायची. हे काम बायकांचं. त्यांच्या डोक्यावर पदर असतो, नाहीतर टॉवेल. डोळे मात्र उघडेच.

ऊन वरून येतं, असं आपण धरून चालतो. पण कोरडी वाळू तिच्यावर पडलेल्या, उन्हातल्या डोळ्यांना अपाय करणाऱ्या अतिनील (यूव्ही) किरणांपैकी साधारण १५ टक्के वर परतवते, समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के. पदर ते कसे अडवणार? आभाळ आलं म्हणूनही निर्धास्त राहू नये. पातळ ढगांतून हे किरण बऱ्याच प्रमाणात खाली येतात.

[दृश्य: होडीवर नाखवा. डोळा जवळून.]

नाखव्याच्या डोळ्यात नाकाच्या बाजूने बुबुळाकडे सरकलेला हा लालसर, तिकोनी पडदा पाहा. हा वडस. वर्षानुवर्षं उन्हावाऱ्यात काम करणाऱ्यांना तो जास्त होतो. बहुतेक वेळा तो नाकाकडूनच का वाढतो, याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. कानाच्या बाजूने तिरपं येणारं ऊन बुबुळाच्या गोलाईमुळे वळतं आणि पलीकडच्या, नाकाकडच्या कडेवर एकवटतं. म्हणून गॉगल चेहऱ्याला लागून बसणारा, कडाही झाकणारा हवा.

[दृश्य: वाळूत खेळणारी मुलं.]

आम्हाला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या मुलांची. लहानपणी डोळ्यातलं भिंग अगदी नितळ असतं, त्यामुळे मोठ्यांपेक्षा जास्त अतिनील किरण थेट आतल्या दृष्टिपटलापर्यंत जातात. त्यात मुलांची सगळी दुपार बाहेर. आज काही दुखत नाही, दिसायलाही छान दिसतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण उन्हाचा मार साठत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातले २० टक्क्यांपर्यंत मोतीबिंदू उन्हामुळे होतात किंवा वाढतात. आजीच्या मोतीबिंदूसाठी घर धावपळ करतं, तशीच नातवाच्या टोपीचीही आठवण ठेवायला हवी. रुंद काठाची टोपी डोळ्यांवर पडणारे किरण निम्म्यापर्यंत कमी करते. सकाळी दहा ते दुपारी चार मुलांना सावलीत खेळू द्या. तान्ह्या बाळाला तर थेट उन्हात ठेवूच नका.

[दृश्य: चष्म्याचं दुकान.]

गॉगल घेताना काच किती काळी आहे, हे पाहू नका. गडद काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते. ती काच अतिनील किरण अडवणारी नसेल, तर ते जास्तच आत शिरतात. ‘यूव्ही ४००’ असं लिहिलेला, म्हणजे जवळजवळ सगळे अतिनील किरण अडवणारा गॉगल मागा. शक्य असेल तिथे दुकानदाराला यंत्रावर तपासून दाखवायला सांगा. पूर्ण पारदर्शक काचही हे किरण अडवू शकते, म्हणजे नंबरच्या चष्म्यातही ही सोय करून घेता येते. मुलांसाठी पॉलीकार्बोनेट या मजबूत प्लास्टिकची भिंगं घ्या. ती सहसा फुटत नाहीत आणि अतिनील किरणही अडवतात.

[दृश्य: नेत्रतपासणी.]

वडस बुबुळावर सरकू लागला, नजर धुरकट झाली किंवा दिव्याभोवती वलयं दिसू लागली, तर डोळ्यात मध किंवा कांद्याचा रस घालत बसू नका. नेत्रतज्ज्ञाकडे जा. वडस काढल्यावर तो पुन्हा वाढू शकतो. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर समुद्रावर जाताना नाखव्याला गॉगल लावूनच निघावं लागेल.